बॉनेटवरचा दुसरा रंग

“बॉनेटला पुन्हा रंग मारलाय. ठोकलेली दिसते,” दलाल सोबतच्या मेकॅनिकला हळूच म्हणाला. बाबा गेल्यावर त्यांची जुनी स्पोर्ट्स कार विकायला आम्ही अंबडला आणली होती.

तो आईकडे वळला. “ताई, अशा गाडीला कंपनीचा मूळ रंग असला की भाव चढतो. नवा दिसला की गिऱ्हाईक अपघात धरतं.”

आईने बॉनेटवरून हात फिरवला. एका दसऱ्याला तिनेच बॉनेटवर ओल्या कुंकवाने स्वस्तिक काढलं होतं. डाग निघेना, म्हणून बाबांनी रंग दिला. तिला एका शब्दानेही बोलले नव्हते.

“साहेब जोरात चालवत असतील,” मेकॅनिक हसला.

अनोळखी माणसांसमोर मी सहसा बोलत नाही.

“बाबांनी गाडी कधीच ठोकली नाही,” मी म्हणाले. “भाव पाडायचा तर पाडा, पण तो रंग पूजेच्या कुंकवावर दिलाय.”