तळघराची फेरी

दवाखान्यात त्याला सगळे फेरीवाले म्हणत. विकायला त्याच्याकडे काही नव्हतं. संगणक सांभाळणं हे त्याचं काम. सव्वीस वर्षं एकाच खोलीत, जिथं पंख्यांच्या घरघरीत शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नाही. त्या खोलीत दोन मोठी यंत्रं. रोग्यांच्या औषधांच्या याद्या पहिल्यावर, आणि ते बसलं तर त्याच्या जागी उभं करायला दुसरं. आपोआप होईल अशी सोय करू करू म्हणत दहा वर्षं गेली होती. तोवर हा हातानंच करायचा. पहिल्याची वायर उपटायची, त्याचा नेटवर्कवरचा पत्ता दुसऱ्याला द्यायचा, आणि दुसऱ्याकडून सगळ्या इमारतीला हाक घालायची की बाबांनो, या पत्त्यावर आता मी आहे.

बहुतेक संगणक ऐकत. काही जुने मात्र ढिम्म. ते पहिलंच यंत्र लक्षात धरून बसत, पडद्यावर शेवटची यादी तशीच ठेवत, आणि बिघडल्याचं चकार शब्दानं सांगत नसत. म्हणून हा वही घेऊन निघायचा, खोलीखोलीत जाऊन डोळ्यांनी बघायचा, आणि ढिम्म संगणक बंद करून चालू करायचा. नाव पडलं ते त्यावरून.

वहीत लाल रेघ होती ती तळघरातल्या औषधभांडाराला; तिथला संगणक सगळ्यांत ढिम्म. तिथं अक्का होती. साऱ्या दवाखान्याची अक्का, पण याची सख्खी थोरली बहीण, आणि चार वर्षं दोघांचा अबोला. आईच्या शेवटच्या आजारात अक्का म्हणत होती, इथंच राहू दे. यानं हट्टानं घरी नेलं. आठव्या दिवशी आई गेली. "तू नेलीस म्हणून गेली," एवढंच अक्का म्हणाली. याला राग आलाच, पण ती खरं बोलली असेल ही भीती रागाहून मोठी होती. तेव्हापासून तळघराची फेरी त्यानं शिपाईमामांच्या गळ्यात मारली होती.

त्या दिवशी सकाळी अकराला पहिलं यंत्र बसलं, आणि शिपाईमामा रजेवर. दहा मिनिटांत यानं पत्ता बदलला, हाक घातली, वही घेऊन तिन्ही मजले पालथे घातले. तळघराच्या जिन्यापाशी आला आणि थांबला. होईल आपोआप, असं स्वतःला सांगून परत फिरला. होत नाही, हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. खोलीत येऊन त्यानं चहा घेतला. तो त्याला गोड लागला नाही.

इकडे सव्वाअकराला वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांनी एका म्हातारीचं रक्त पातळ करणारं इंजेक्शन बंद केलं. तिला रक्तस्राव सुरू झाला होता. तळघरातल्या पडद्यावर मात्र ते बारा वाजता द्यायचं, असंच होतं.

बाराला दहा कमी असताना याच्या खोलीचं दार उघडलं. दारात अक्का, हातात इंजेक्शनचा ट्रे.

"छोट्या," ती म्हणाली. छप्पन्न वर्षांच्या माणसाला असं म्हणणारं आता दुसरं कुणी उरलं नव्हतं. "पाऊण तास यादीतली एक ओळ हलली नाही. एवढ्या दवाखान्यात पाऊण तास कुणाचं काही बदलत नाही, असं कधी होतं का रे? वर जाऊन विचारून आले. हे बंद केलंय. दिलं असतं तर म्हातारी गेली असती."

तो तिच्या मागोमाग तळघरात उतरला, संगणक बंद करून चालू केला. यादी झरझर बदलली.

मग अहवाल लिहायला तो तिथंच टेबलाशी बसला. कारणाच्या रकान्यात 'यंत्र जुने' लिहिलं असतं तर कुणी विचारलं नसतं. त्यानं लिहिलं : तळघर मी तपासलं नाही. बहिणीशी बोलत नाही म्हणून.

अक्कानं खांद्यावरून वाचलं. "माझंही लिही. अर्ध्या तासापूर्वीच शंका आली होती, फोन उचलून परत ठेवला."

त्यानं तेही लिहिलं. सही केली. तो उठणार तोच ती म्हणाली, "आईला घरीच जायचं होतं. तू न्यायच्या आदल्या दिवशी मला म्हणाली होती, इथं मरायचं नाही मला."

"आणि हे तू मला आज सांगतेस? चार वर्षांनी?"

"चुकलं माझं," अक्का म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "रोज ठरवायचे, आज खाली आला की सांगेन. तू शिपायाला पाठवायचास."