यमुनामावशींचा फणसांबा

तान्हं मूल कोणाचंही असो, यमुनामावशी आधी त्याचं तोंड उघडून बघत. करंगळीने खालचा ओठ अलगद ओढायचा, मूल उजेडाकडे वळवायचं आणि मगच विचारायचं, "नाव काय ठिवलं?" पंचवटीतल्या आमच्या चाळीत नवी आलेली एखादी आई बिचकायची. मावशी म्हणत, "भिऊ नको गं, बैल घ्यायला नाय आले मी."

त्या सुरगाण्याकडच्या. नवरा गेल्यावर भाजीबाजारात मेथी-शेपूच्या जुड्या विकत. माहेरच्या जुन्या फणसाच्या खोडावरचा फणसांबा त्यांच्याकडे होता. लाकडासारखं टणक, काळपट तपकिरी आळंबं ते. मुलाचं तोंड आलं, लाळ गळू लागली, की सहाणेवर थेंबभर पाण्यात तो उगाळून बोटाने तोंडात आतून लावायचा. पोट बिघडलं तर चाटवायचा. वर बजावत, "उद्या-परवा उतार पडाया पायजे. नाय पडला तर माझ्या दारात नको, डॉक्टरच्या दारात बस."

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला. चाळीत कोणाशी फारसं बोलत नसे. मावशी मला 'इंग्लिस' म्हणत. "ए इंग्लिस, जिभेला फणसांबा लावू का? बोलाया लागशील!" मी हसून आत पळायचे आणि खिडकीतून बघत राहायचे.

त्या थंडीत मला दिसलं, मावशी भाकरी दुधात कुस्करून खातात. ठेचा बंद झालाय. मिश्री एकाच बाजूने लावतात. दुपारी दार अर्धवट लोटून त्या सहाण घेत, तेव्हा जवळ एकही मूल नसे. उगाळलेलं बोट त्या स्वतःच्याच गालात फिरवत. संक्रांत गेली, होळी आली, तरी हे चालूच. कॉलेजातून येताना माझं लक्ष आधी त्यांच्या पदराकडे जायचं, आज तो तोंडावर आहे का? आईला सांगितलं तर चाळभर होईल, नाही सांगितलं तर काय होईल, या विचाराने अभ्यासात मन लागेना.

शेवटी मीच त्यांच्या दारात उभी राहिले. "मावशी, उतार पडला का?"

"कशाला गं?"

"तुमच्या तोंडाला."

त्यांनी सहाण पुसायला घेतली. "लेकरांना पडतो. माझीच कातडी निबर झालीय."

"मग डॉक्टरच्या दारात बसू. मी येते."

सरकारी दवाखान्यात गालातला तुकडा तपासायला घेतला. पुढच्या खेपेला रिपोर्ट बघून मोठे डॉक्टर हाताखालच्या डॉक्टरांशी इंग्रजीत बोलले. मला सगळं समजलं. मावशी डॉक्टरांकडे बघतच नव्हत्या, माझ्याकडे बघत होत्या. बाहेर बाकावर त्यांनी विचारलं, "काय बोलला?" मी काहीतरी जुळवू लागले.

"इंग्लिस, तुला धड बोलता येत नाय, खोटं कुठून येणार? सांग."

मी सांगितलं. कॅन्सर आहे. आजच दाखल व्हायला सांगितलंय.

त्या ताडकन उठल्या. "अगं, त्याच सहाणेवर लेकरांचं उगाळलंय मी! माझं उष्टं बोट! परवाच शेजारच्या आशाच्या पोराला लावलंय."

मी पळत आत जाऊन डॉक्टरांना विचारून आले. हा रोग असा लागत नाही, म्हणाले. मावशींना ते पटेना. "तुझी समजूत काढली त्यानं. लेकरांची तोंडं बघितल्याबिगर मी खाटेवर पडायची नाय. आणि माझं बोट आता नको. तू बघ."

कोणाच्या घरी कधी आपणहून न गेलेली मी त्या संध्याकाळी दारोदार हिंडले. खरं सांगितलं तर मावशींना कोणी दारात उभं करणार नाही, ही भीती होतीच. "मावशींनी तोंड बघायला सांगितलंय. त्यांना सर्दी झालीय," एवढंच म्हणायचे. गॅलरीच्या टोकाला तोंडावर पदर धरून मावशी उभ्या. एकेक तोंड गुलाबी, स्वच्छ निघत होतं. आशाच्या बाळाच्या गालात मात्र पांढरा डाग दिसला. मी बाळाला उजेडाकडे वळवलं.

"अगं, दूध आहे ते! आत्ताच प्यायलाय," आशा हसली. मी ओल्या फडक्याने पुसलं. डाग गेला. तरी मी पुन्हा एकदा पुसलं.

"पुसून बघितलं?" मावशींनी विचारलं.

"दोनदा."

तेव्हा कुठे त्या उंबऱ्यावर बसल्या. मग फणसांबा चुलीत घातला. तो पुरता जळेपर्यंत उठल्या नाहीत. एक लुगडं पिशवीत कोंबलं आणि म्हणाल्या, "चल, रिक्षा बघ."

मावशी चाळीत परत आल्या नाहीत. पावसाळ्यात गेल्या. मला मात्र त्या रिक्षातल्याच आठवतात. पूल ओलांडला. मग माझा हात धरून हळूच म्हणाल्या, "लय दुखंल का गं?"

डॉक्टर इंग्रजीत पुष्कळ बोलले होते. हे त्यात नव्हतं.