गंधकाच्या कुंडावरून लावलेला फोन

सन १९९७, जानेवारीतला एक रविवार. वसईहून वज्रेश्वरीजवळच्या गरम पाण्याच्या कुंडांपर्यंत रिक्षाचे जाऊन-येऊन साडेतीनशे ठरले. हजर मी, बायको आणि होळी गावात राहणाऱ्या माझ्या सासूबाई.

नवस सासूबाईंचा. पावसाळा सरताना बायकोला लघवीचा त्रास झाला, म्हणून डॉक्टरांनी सल्फाची गोळी दिली. दोन औषधांची मिळून केलेली ती गोळी तेव्हा सर्रास देत, बहुतेकांना चालेही. हिला आठवड्याभरात ताप भरला, अंगभर लाल चट्टे उठले, तोंड आतून सोलवटलं. गोळी लगेच बंद करून तिला दवाखान्यात ठेवलं. तापात ती म्हणायची, आपण तळ्यात तरंगतोय, वर केळीची पानं हलताहेत. खोलीत पंख्याशिवाय काही हलत नव्हतं. तरी मी वर पाहायचो. वाचली तर लेकीला कुंडात न्हाऊ घालीन, असं सासूबाई देवीला बोलल्या. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, "सल्फा आयुष्यात पुन्हा नको. कुठल्याही डॉक्टरला आधी हे सांगायचं."

कुंडात उतरलेली माणसं वाफेत अर्धवट विरघळल्यासारखी दिसत होती. बायको पायरीवर थबकली.

"कसला वास हा?"

"गंधक," मी म्हणालो.

"गंधक म्हणजे सल्फरच ना? मग मी नाही उतरणार."

"अगं, देवीचं पानी हाय ते, गोळी न्हाय!" सासूबाई म्हणाल्या.

"आई, चट्टे मला उठले होते, तुला नाही."

"नवस मोडला तर मलाबी उठतील."

दोघी माझ्याकडे पाहू लागल्या. मला ठाऊक नव्हतं, आणि अंदाजाने बोलायची ही गोष्ट नव्हती. रस्त्यावरच्या एसटीडी बूथवरून मी डॉक्टरांच्या घरी फोन लावला.

"अहो, नावं सारखी, चिजा वेगळ्या," ते हसले. "तिला गोळी सोसत नाही, गंधकाचं काही नाही. चट्टे पूर्ण गेलेत ना? मग खुशाल न्हाऊ द्या. पाणी कढत नाही तेवढं बघा."

मी परत येऊन ते जसंच्या तसं सांगितलं. बायकोने आधी बोटं बुडवली, मग हळूहळू गळ्यापर्यंत उतरली. तिच्याभोवती वाफ दाटली आणि कुंडातल्या माणसांतली ती कोणती, हे मला काही वेळ कळेना. मग आवाज आला, "आई, तू पण ये की!"

"मी न्हाऊ घालायचं बोलले व्हते, न्हायचं न्हाय," म्हणत सासूबाईंनी तिच्या डोक्यावर पाणी ओतलं.

फोनच्या वेळी सुटे नव्हते. निघताना बूथवाल्याला बारा रुपये दिले.