सुलूताईचे इगतपुरीचे मंगळवार

सुलूताई गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या एका गालाची दाढी झाली होती आणि दुसऱ्या गालावर साबण होता. फोन तिच्या शेजारच्या काकूंचा. "शमूभाऊ, ताई उठेचनात हो..." एवढंच त्या म्हणाल्या. मी तसाच टॉवेलने तोंड पुसून जिना उतरलो आणि मग डॉक्टर येऊन जाईपर्यंत, चर्चचे पाळकसाहेब येईपर्यंत, कबरस्थानात माती लोटून होईपर्यंत अर्ध्या दाढीनिशी वावरलो. कुणी काही बोललं नाही. दुःखात माणसाला भान राहत नाही असं समजून मंडळीतल्या बायका माझ्याकडे फार मायेने बघत होत्या. खरी गोष्ट अशी, की घरी येऊन आरशात बघेपर्यंत मला पत्ताच नव्हता. सुलूताई असती तर पहिल्या मिनिटाला म्हणाली असती, "शमू, अर्धाच आलास? उरलेला कुठे ठेवलास?"

त्याला आता सहा आठवडे होत आले. लिहायला बसतो आणि उठतो. थकवा आलाय म्हणावं तर काम काही केलेलं नाही. पण ज्या माणसाबरोबर चार वर्षं दर महिन्याला एकाच दारापर्यंत जाऊन परत आलो, ते माणूस गेल्यावर पाय दुखायला लागतात, असा माझा अनुभव आहे. चालताना एवढे दुखत नव्हते.

सुलूताई म्हणजे सुलोचना. नाशिक रोडला आमच्याच कॉलनीत तळमजल्याच्या खोलीत एकटी राहायची, ब्लाउज आणि शाळेचे युनिफॉर्म शिवायची. माहेर इगतपुरीकडचं, भातशेतीवालं, देवाधर्माचं घर. तरुणपणी नाशिकला शिवणकाम शिकायला आली, मोठ्या आजारात पडली, आणि त्या आजारात आमच्या मंडळीतल्या दोन बायकांनी तिची शुश्रूषा केली, तिच्यासाठी प्रार्थना केली. ती उठली आणि पुढे तिने बाप्तिस्मा घेतला. तिच्या थोरल्या भावाने, काशिनाथदादाने, तेव्हा निरोप पाठवला, "आमची सुली मेली." पुढे बऱ्याच वर्षांनी आई वारली. ताई धावत इगतपुरीला गेली, तर दादाने तिला बघून दार लावून घेतलं. आईचं तोंड तिला शेवटचं दिसलं नाही. दाराच्या फटीतून उदबत्तीचा वास तेवढा आला, असं ती सांगायची.

हे सगळं मला माहीत होतं, पण त्याचा अर्थ कळला नव्हता. अर्थ एकदा मी ब्लाउज आणायला गेलो तेव्हा कळला. बायकोचा, माझा नव्हे. ताई मशीनवर हात ठेवून नुसती बसली होती. म्हणाली, "शमू, मला प्रार्थना करता येत नाही रे." मी हसलो. उपवास-प्रार्थनेत जिचा आवाज सगळ्यात पुढे, तिने असं म्हणावं! तर म्हणाली, "चारचौघांत येते. एकटी बसले, डोळे मिटले, की दादा दार लावतो. रोज. देवाचं नाव घेतलं रे घेतलं, की धाडकन... दहा वर्षं झाली. पुढं जाताच येत नाही."

आमच्याकडे बाहेरगावचे प्रचारक येतात, ते सैतानाच्या विरोधावर तास तासभर बोलतात. मी त्यांच्यासाठी माइक लावत असे, त्यामुळे मला तो विषय पाठ होता. मी लगेच ताईला सांगितलं, हा वैऱ्याचा विरोध आहे, याला मोठ्या आवाजात धमकावलं पाहिजे. ती म्हणाली, "तुझा चहा गार होतोय."

आता माझी चूक सांगतो. म्हणजे चुकांपैकी पहिली. मी मंडळीचा सेक्रेटरी. आयुष्यभर सरकारी छापखान्यात छपाईतल्या चुका पकडायचं काम केलं, त्यामुळे लोकांना वाटे, हा माणूस चोख. आमच्या चर्चच्या दारात दोन पेट्या असतात. एकीत लोक प्रार्थनेच्या विनंत्यांच्या चिठ्ठ्या टाकतात, दुसरीत उपकारस्तुतीच्या. रविवारी भक्तीत मी त्या वाचून दाखवायच्या, आणि पाळकसाहेबांनी विनंत्यांसाठी प्रार्थना आणि उपकारांसाठी आभार, असं करायचं. त्या रविवारी पंख्याने चिठ्ठ्या उडाल्या. मी बाकांखाली रांगून गोळा केल्या आणि अंदाजाने दोन गठ्ठे केले. सुलूताईच्या चिठ्ठीवर फक्त एवढंच होतं: "काशिनाथदादा आणि मी. सुलोचना." ती उपकारस्तुतीच्या गठ्ठ्यात गेली.

बरं, असेल तसं वाचावं की नाही? पण मला आवाज आहे, आणि आवाज असलेल्या माणसाला शब्द कमी पडलेले सोसत नाहीत. मी म्हणालो, "प्रियजनहो, आज आपली बहीण सुलोचना आनंदाश्रूंनी साक्ष देत आहे! जे दार इतकी वर्षं बंद होतं ते प्रभूने उघडलं! भावाने बहिणीला छातीशी धरलं!" मंडळीने टाळ्या वाजवल्या. महिला मंडळाच्या अध्यक्षबाईंनी पदर डोळ्यांना लावला. पाळकसाहेबांनी आभाराची अशी प्रार्थना केली, की माझेच डोळे भरून आले. आमेन म्हणून बघतो, तर तिसऱ्या बाकावर सुलूताई माझ्याकडे बघतेय. रागाने नव्हे. शिंप्याने चुकीचं बेतलेलं कापड बघावं तसं.

भक्ती सुटल्यावर लोक तिला हात मिळवायला रांगेत. मी मागच्या दाराने पळणार होतो, पण त्या दाराला मीच कुलूप लावून ठेवलेलं. ताई आली. मी म्हणालो, "पुढच्या रविवारी मी खुलासा करतो. चूक झाली म्हणून जाहीर करतो."

"काय जाहीर करशील? देवाचे आभार मानले होते ते परत द्या?"

"मग काय करू?"

"मंगळवारी माझी मशीन बंद असते," ती म्हणाली. "सकाळच्या गाडीने इगतपुरीला जायचं. तू आभार मानलेस ना, मग तूच चल बरोबर."

"आणि त्यांनी दार लावलं तर?"

"लावणारच. तू काय त्याला ओळखत नाहीस. मी ओळखते."

अशी ती पहिली फेरी. नाशिक रोडहून गाडी, इगतपुरी स्टेशनातून रिक्षा. घर बैठं, कौलारू, पुढे ओटा. रेल्वेतून गँगमन म्हणून निवृत्त झालेला काशिनाथदादा ओट्यावर दोरी वळत बसला होता. ताईला बघून उठला, आत गेला आणि दार लावलं. बस. आणि इथे माझी दुसरी चूक. माझ्या अंगात एकदम ते सगळे प्रचारक संचारले. मी दोन्ही हात वर केले आणि त्या दाराला उद्देशून गरजलो, "हे दुष्टाईच्या सामर्थ्या, मी तुला धमकावतो, या घरातून चालता हो!" शेजारपाजारचे बाहेर आले. एक कुत्रं भुंकायला लागलं. खिडकीतून दादाचा आवाज आला, "ए सुले, ह्यो कोण येडा आनलाय गं? त्याला म्हणं, आधी तू चालता हो!"

ताईने माझे हात धरून खाली ओढले. "शमू, गप. तू ज्याला हाकलतोयस ना, तो ह्या घरात नाही. तो माझ्याबरोबर गाडीतून आलाय. रोज माझ्याबरोबरच असतो." मग ती ओट्याच्या कडेला बसली, डोळे मिटले, आणि ओठ हलवत राहिली. दहा-बारा मिनिटं. मी शेजारी, मान खाली घालून. खरं सांगतो, मी प्रार्थना करत नव्हतो. परतीची गाडी चुकेल का, याचा हिशेब करत होतो. परत जाताना विचारलं, "काय मागितलंस?" तर म्हणाली, "हा कडवटपणा काढून घे म्हणाले. दादाचं नाव घेताना माझे दात आवळतात, ते सुटू देत. दादाचं देव बघेल."

मग दर महिन्याचा दुसरा मंगळवार ठरून गेला. पावसाळ्यात इगतपुरीला पाऊस उभा-आडवा कसाही येतो, छत्री ही तिथे केवळ शोभेची वस्तू. आम्ही निथळत ओट्यावर बसायचो, दार बंद. हिवाळ्यात धुकं, दार बंद. मला गुडघ्याचा त्रास सुरू झाला. मी दर खेपेला नवीन सबब काढायचो आणि दर खेपेला ती म्हणायची, "बरं, नको येऊस," आणि मी स्टेशनवर तिच्याआधी हजर. दुसऱ्या वर्षी वहिनीने, म्हणजे दादाच्या बायकोने, खिडकीतून दोन कप चहा दिला. त्यानंतर कधीतरी दादाचं आत जाणं बंद झालं. तो ओट्याच्या दुसऱ्या टोकाला पाठ करून बसायचा, विडी ओढायचा. ताई त्याच्या पाठीशी बोलायची. भात कसं आलंय, दात काढलेस का, वहिनीचं बीपी कसं आहे. पाठ ऐकायची. एकदा पाठ म्हणाली, "दात काढले. कवळी सलती लय." मला तर हा पुनरुत्थानाइतका मोठा चमत्कार वाटला, पण ताईने नुसतं विचारलं, "मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करतोस ना?"

आणि मग गेल्या वर्षीचा तो परतीचा प्रवास. गाडीत ती खिडकीशी बसली होती. अस्वली स्टेशन गेलं, तेव्हा म्हणाली, "शमू, आज ओट्यावर डोळे मिटले ना... दार दिसलंच नाही रे. नुसता दादा दिसला. किती म्हातारा झालाय." मग ती रडली. मोकळी, घुसमट नसलेली रडली, आणि शेवटी पदराने नाक पुसून म्हणाली, "घरी गेल्यावर मला आज भरपूर प्रार्थना करायची आहे. तेरा वर्षांची साठलीय."

मला काय सुचावं? मी आनंदाने म्हणालो, "म्हणजे संपलं! देवाने ऐकलं! आता इगतपुरी बंद!" माझे गुडघे तर हालेलुया गाऊ लागले होते.

ती म्हणाली, "अरे, आतापर्यंत मी माझं ओझं घेऊन जात होते. आता कुठं भावाला भेटायला जाता येईल."

त्यामुळे आणखी एक वर्ष. तो अजून घरात घेत नव्हता, आणि तिला आता त्याची घाई नव्हती. मी मात्र दमलो होतो. माझी श्रद्धा ही पटकन निकाल लावणाऱ्यांतली. ताईची उंबऱ्याबाहेर बसून राहणाऱ्यांतली. तिच्याशेजारी बसून बसून मला थोडं कळलं, ते असं, की ज्याच्याशी लढायचं तो समोरच्या दारामागे सापडेल अशी आपली फार आशा असते. सापडला तर किती सोपं झालं असतं...

ती गेली त्या सकाळी मी दादाला फोन केला. "बरं," एवढं म्हणून त्याने फोन ठेवला. दफनाला आला नाही. पेटी खाली सोडताना मी तिघांना बाजूला सारून रस्त्याकडे बघत होतो. म्हणून पुढचा दुसरा मंगळवार आला, तेव्हा मी एकटाच गाडीत बसलो. प्रार्थनेला नाही, भांडायला. गाडीत सगळी वाक्यं घोकली, उत्तम जमली होती.

दादा ओट्यावर होता. ह्या वेळी तोंड माझ्याकडे. मी तोंड उघडायच्या आधीच म्हणाला, "आलतो मी. नाशिक रोडच्या टेसनापत्तुर आलतो. फलाटावर बसलो. तितून म्होरं पाय निघना. कोणत्या तोंडानं येऊ? दोन गाड्या गेल्या, तिसरीनं माघारी आलो."

माझी घोकलेली वाक्यं गेली. मी बसलो. विडी पेटवून त्याने विचारलं, "ती हितं बसून डोळं मिटून काय म्हणायची? मी तुमच्यात यावं, आसंच ना?"

मला सजवून सांगता आलं असतं. आवाज अजून आहे. पण म्हणालो, "नाही दादा. तुमचा राग तिच्या मनातून जावा, एवढंच ती स्वतःसाठी मागायची. तो गेला. वर्ष झालं."

"गेला? मंग त्याच्यानंतर कशापायी येत व्हती?"

"तुम्हाला भेटायला."

घाटातून एक मालगाडी गेली, ती संपेपर्यंत आम्ही दोघं तिकडेच बघत राहिलो. मग तो गुडघ्यावर हात टेकून उठला आणि आत गेला. मी सवयीने दार लागायची वाट पाहिली. आतून आवाज आला, "आत ये. हितं बस."

माझा पाय उचलेना. तो उंबरा तिचा होता, मी कोण? पण गेलो. आत भिंतीवर त्यांच्या आईचा फोटो. तेच नाक, डावी भुवई तशीच किंचित वर, जणू समोरच्याने काही चुकीचं बेतलंय. ती गेल्यापासून पहिल्यांदा मला सुलूताई समोर दिसली. दादा फोटोखाली जमिनीवर बसला होता. म्हणाला, "म्हणं आता."

"काय?"

"ती म्हणायची ते. कोनीतरी म्हणाया पायजे का नाय?"

"मला तिच्यासारखं येत नाही, दादा."

"मला कुठं कळतंय? म्हणं."

मी डोळे मिटले. एकही मोठा शब्द आला नाही. दोघांच्या बहिणीबद्दल देवाला दोन-तीन गोष्टी सांगितल्या, त्याही अडखळत, आणि आमेन म्हणून डोळे उघडले. दादाचे अजून मिटलेले होते, हात मांडीवर, ओठ किंचित हलत होते. दार सताड उघडं होतं. वारा आत येऊन चुलीपर्यंत जात होता आणि ते लावायला आमच्यातलं कुणी उठलं नाही.