केवड्यातल्या काकी

काकींना खोकल्याचा आजार नव्हता. तरी पहाटे, उजाडायच्या जरा आधी, त्यांचा खोकला आमच्या आळीत घरोघर ऐकू जाई. कोरडा आणि मुद्दाम मोठ्यानं काढलेला. तो ऐकला की बायका तांब्या घेऊन मागच्या दारानं बाहेर पडत, आणि वाटेत एखादा पुरुष असलाच, तर तो कितीही मोठा असो, भिंतीकडे तोंड करून उभा राही.

रेवदंड्याच्या अलीकडे आमचं गाव. वाड्या संपल्या की थेट समुद्राच्या पुळणीपर्यंत केवड्याचं आणि उंडीच्या झाडांचं दाट बन होतं. तिथं वस्ती नव्हती. सरकारदरबारी ती जमीन पड होती आणि मालकी देवस्थानची. गावात कुणाकडेच संडास नव्हता. बायकांना आडोसा तेवढा तोच. “केवड्यात जाऊन येते” एवढंच म्हणायची पद्धत होती. काकी शाळेच्या मास्तरांची बायको. पहाटे बायकांना घेऊन जायचं हे पुढारीपण त्यांना कुणी दिलं नव्हतं, त्यांनीही कधी मागितलं नव्हतं.

मी मुंबईच्या इंग्रजी शाळेतून मे महिन्यात घरी येई. पहिल्या सुट्टीत मी लाजून घरातच घुटमळत राहिले, तेव्हा काकींनी खिडकीशी येऊन हाक मारली, “चल गो मडमे. तुझ्या शाळेत पोट नसतं का कुणाला?” मी मान खाली घालून त्यांच्या मागून गेले. परतताना बायका उंडीखाली घटकाभर टेकत. घरात न बोलता येणारं तिथं बोललं जाई. मी नुसती ऐकत असे.

बनात काकींचा कायदा चाले. खाली पडलेलं उंडीचं फळ, वाळका पातेरा खुशाल न्यावा. ओल्या फांदीला हात लावायचा नाही. एकदा कुणाच्या तरी नव्या सुनेनं कणसासाठी केवड्याचं अख्खं झुडूप आडवं केलं. काकी कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, “आज वेणीत घाल हो. उद्या कशाच्या आड बसशील, वेणीच्या?”

मुंबईच्या लोकांना तेव्हा आमच्या किनाऱ्याची हवा मानवू लागली होती. एका शेटनं बंगल्यांसाठी ते सगळं बन मागितलं. त्या पैशातून देवळाचं छप्पर नवं झालं असतं, म्हणून देवस्थानचे पंच राजी होते. माझे वडील वकील आणि पंचांतले एक. कागद तेच करणार होते. बायका विहिरीवर हळूच एकमेकींना विचारत, “आता जायचं कुठं?” घरी नवऱ्यांना सांगून झालं होतं. नवरे “बघू” म्हणाले होते. चारचौघांत मात्र ही गोष्ट कोण उच्चारणार? मी वकिलाची शिकलेली मुलगी, पण बाबांसमोर तो विषय काढण्याच्या कल्पनेनंच माझे कान तापत.

बैठक आमच्याच ओटीवर होती. मी दाराआड उभी होते. शेटच्या कारभाऱ्यानं नकाशा उलगडला. “रिकामी जागा आहे. माणूस ना काणूस. कुणाचं काय जातंय?”

तेवढ्यात पायरीवर काकींचा खोकला आला.

ओटीवरच्या एकूण एक पुरुषानं भिंतीकडे तोंड फिरवलं. बाबांनीसुद्धा. बैठकीचं लिखाण करणाऱ्या मास्तरांनीसुद्धा. एकटा कारभारी, परगावचा, काकींकडे बघत राहिला.

“रिकामी कशी?” काकी म्हणाल्या. “आत्ता तोंडं का फिरवलीत? रोज पहाटे फिरवता म्हणूनच ना? तुमच्या आया, बायका, लेकी जातात तिथं. बंगले बांधल्यावर त्यांनी कुठं जायचं तेवढं या नकाशात दाखवा, मी जाते.”

मग एक म्हातारे पंच पुटपुटले, “पण देवाचं छप्पर...”

“देवाला छप्पर हवं. मग आम्हाला आडोसा नको?”

मास्तर दौत तशीच सोडून उठले आणि कुणाकडे न बघता निघून गेले.

दक्षिणेकडचं बन विकलं गेलं. उत्तरेची पट्टी बाबांनी कागदातून वगळली. काकींना कुणी शाबासकी दिली नाही. मास्तर गणपतीपर्यंत त्यांच्याशी बोलले नाहीत. बायका तर जास्तच रागावल्या. “बाप्यांच्या तोंडावर बोलून आमची अब्रू घालवलीस,” म्हणाल्या. काही दिवस पहाटे काकी खोकत आणि एकट्याच जात. मग एकेक दार पुन्हा उघडू लागलं.

बंगले झाले. एका सकाळी आम्ही उंडीखाली बसलो असताना कुंपणाच्या फटीतून शेटची सून आली. माझ्याच वयाची, डोळे सुजलेले. आम्हाला पाहून ती दचकली आणि कानकोंडी होऊन म्हणाली, “आमच्याकडे घरात सगळं आहे तसं.”

“असू दे,” काकी म्हणाल्या आणि जरा सरकल्या. “बस तू.” काय झालं, ते त्यांनी विचारलं नाही. आम्हालाही विचारू दिलं नाही.

पुढच्या हिवाळ्यात काकी लेकीच्या बाळंतपणासाठी म्हसळ्याला गेल्या आणि तिथंच तापानं गेल्या. मास्तर एकटे परत आले, शाळेत जाऊ लागले, बैठकीचं लिखाण करू लागले. वर्ष सरायच्या आत शेटनं बागेसाठी उरलेली पट्टी मागितली. आता कोण बोलणार, हे विहिरीवर कुणी विचारलंसुद्धा नाही.

पुन्हा आमचीच ओटी, तोच कारभारी. “ही वरची जागा,” त्यानं नकाशावर बोट ठेवलं, “रिकामीच आहे...”

“रिकामी नाही ती.”

मास्तर बोलले होते. बैठकीत त्यांचा आवाज त्याआधी कुणी ऐकला नव्हता. त्यांनी मान वर केली नव्हती; टाक कागदावरच होता.

“मग कुणाची आहे?” कारभाऱ्यानं विचारलं.

“आमच्या हिची,” मास्तर म्हणाले.