पेल्यावरचं नाव

शरू गेली हे मला बहादूरनं सांगितलं. बहादूर म्हणजे आमच्या कलमांच्या बागेचा राखणदार, नेपाळचा. सकाळी दहाला तो बागेतून वर घराकडे येतो, पायरीवर बसतो, आपला स्टीलचा पेला पुढे करतो आणि मी त्यात चहा ओतते. अकरा वर्षं हा रिवाज आहे. त्या दिवशी मी किटली घेऊन बाहेर आले, तर त्यानं पेला छातीशी धरलेला. "म्याडम, चाय नको. दिदी गेली." शेजारच्या घरात शरू एकटी राहायची, तिच्या देवाला रोज फुलं नेऊन द्यायचा तो. आज गेला तर ती पडवीतल्या खुर्चीत बसलेली, हाक मारली तरी उठेना... खरं सांगते, त्या क्षणी मला रडू आलं नाही, राग आला. हा का एवढा हुंदके देतोय? मैत्रीण माझी होती ना!

तो राग महिना उलटला तरी उतरलेला नाही. रोज नवीन कोणीतरी त्याच्या तावडीत सापडतं, एवढंच.

शरू आणि मी रत्नागिरीत एका आळीत वाढलो, शाळेत एका बाकावर बसलो. मी शिक्षिका झाले, ती सरकारी इस्पितळात नर्स. मासेमारीच्या बोटींवर काम करणारे नेपाळी खलाशी तिच्याकडे यायचे, कोणाच्या तळव्यात गळ रुतलेला, कोणाचं बोट दोरात चेंगरलेलं. शरू आधी नाव विचारणार, मग गाव, मग आई आहे का म्हणून, आणि ते सांगण्यात माणूस गुंतला की सुई टोचणार. अशा बोलण्यातून तिला नेपाळी येऊ लागली. ती निवृत्त झाल्यावर एका खलाशानं तिला सांगितलं, माझी म्हातारी काठमांडूत एका संस्थेच्या आश्रमात आहे, तिला कोणी बघतं की नाही कोण जाणे. शरू म्हणाली, मी बघून येते. बघायला म्हणून गेली ती तीन महिने राहिली. त्यानंतर सात वर्षं, दिवाळीचा फराळ संपला की बाईसाहेब निघाल्याच. रत्नागिरी ते मुंबई, तिथून गोरखपूर, मग सरहद्दीवरून बस. गुडघे दुखत असताना!

आमच्या गावाला याचं काय? आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळात एक जोडपं टूरबरोबर युरोप बघून आलं, तर त्यांचं भाषण ठेवलं, शाल दिली, तिथल्या बर्फाचे फोटो दीड तास बघायला लावले. मी अध्यक्षांना म्हटलं, शरूलाही बोलवा की, तीही परदेशात जाते, सेवा करते. तर म्हणतात, "अहो, काठमांडू कसला परदेश? पासपोर्टसुद्धा लागत नाही. आणि आपल्याकडचे गुरखे तिथूनच येतात, त्यात ऐकण्यासारखं काय?" मी तिथून उठून आले. शरूला सांगितलं तर ती पोट धरून हसली. "बरोबरच आहे गो. बर्फ मी पण बघते, पण लांबून. तेवढ्यासाठी शाल कोण देईल?"

एकदा मीही तिच्याबरोबर गेले. पंधरा दिवस. त्या शहराचं वर्णन मी काय करू... डोक्यावर विजेच्या तारांची जाळी, मोटरसायकली अंगावर येणार, घशात धूळ, आणि अशा एका गल्लीच्या टोकाला तीन मजली आश्रम. पहिल्या दिवशी मी नाकाला पदर लावून दारात उभी राहिले. शरूनं पदर कमरेला खोचला, कोमट पाण्याचं घमेलं घेतलं आणि सरळ फरशीवर फतकल मारली. तिचं काम पायांचं. म्हाताऱ्या माणसांची नखं वाढून मांसात रुततात, टाचांना भेगा पडतात, मग चालणं बंद आणि अंथरूण सुरू. ती एकेकाचे पाय धुवायची, नखं काढायची, भेगांत कोकमतेल चोळायची. कोकमतेल अर्थात इथून नेलेलं. मी म्हटलं, अगं, स्टूल घे. तर म्हणे, "पायाचं काम करायचं तर पायाशी नको बसायला?"

तिथे माणसांना खाटेच्या नंबरानं हाक मारत. "चौदा नंबरला औषध दिलं का?" हे शरूला सहन होईना. मी जाण्याच्या आधीच, पहिल्या खेपेहून परत आल्यावर तिनं सगळ्यांची नावं कागदावर लिहिली आणि इथे बाजारपेठेत भांड्यांच्या दुकानात गेली. लग्नातल्या भांड्यांवर आपण नावं घालून घेतो ना, तशी तिनं सत्तावीस पेल्यांवर एकेक नाव घालून घेतलं. मनमाया, हर्कमान, धनकुमारी... दुकानदारानं विचारलं, "बाई, लग्न कोणाचं?" ही म्हणाली, "लग्न नाय, बारसं." जुन्या लुगड्याच्या चिंध्यांत गुंडाळून तिनं ते पेले काठमांडूला नेले. तिथेही अक्षरं आपलीच, तेव्हा ज्याला वाचता येत होतं त्यानं वाचलं. चौदा नंबरची मनमाया निरक्षर. मी स्वतः पाहिलंय, ती पाणी पिऊन झालं तरी पेला सोडायची नाही, नावावरून अंगठा फिरवत बसायची. स्वतःसाठी मात्र शरूनं पेला केला नाही. "मी काय, येऊनजाऊन," म्हणायची.

मनमाया गेली आणि तिचा पेला ओट्यावर पडून राहिला. मेलेल्या माणसाचा म्हणून कोणी घेईना. मग शरू त्यातून चहा पिऊ लागली. आणि इथेच सगळा घोळ झाला. लांबच्या कुठल्या देशातून दोन आठवडे सेवेला आलेल्या मुली होत्या. पोरी गुणाच्या, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही, शरूनं त्यांना उवा काढायला शिकवलं होतं. त्यातल्या एकीनं काम संपल्यावर फरशीवर बसलेल्या शरूला चहा दिला, दुसरीनं फोटो काढला. पुढच्या वर्षी शरूनं आणलेल्या संस्थेच्या कॅलेंडरवर तो फोटो! गोरी मुलगी वाकून चहा देते आहे, खाली विटक्या साडीतली आमची शरू, आणि इंग्रजीत ओळ छापलेली, तिचा मराठीत अर्थ असा: ‘निराधार मनमायाच्या चेहऱ्यावर फुललेलं हसू.’ पेल्यावरचं नाव वाचलं आणि चिकटवून दिलं! सात वर्षं जी बाई तिथे राबली, तिचं नाव कचेरीतल्या एकालाही ठाऊक नसावं? खाली बसली म्हणजे घेणारी, वाकून उभी ती देणारी, असं यांना कोणी शिकवलं?

मी तिथल्या तिथे पत्र लिहायला घेतलं. शरूनं पेन काढून घेतलं. "असू दे गो मालू. मनमायाचा फोटो जन्मात कोणी काढला नव्हता. निदान नाव तरी छापून आलं तिचं."

"आणि तुझं?"

"माझं रेशन कार्डावर आहे की!"

हसण्यावारी नेलं तिनं. मी मात्र तिच्यावर चिडले ती चिडलेच. चांगुलपणा म्हणून किती? तू गप्प राहतेस म्हणून यांचं फावतं, असं तोंडावर सुनावलं. आठ दिवस आम्ही बोललो नाही. ते आठ दिवस आता परत हवे आहेत मला.

मग शोकसभा. अध्यक्ष उभे राहिले आणि म्हणाले, शरयूताई अत्यंत धार्मिक होत्या, दर वर्षी न चुकता पशुपतिनाथाच्या यात्रेला जात. यात्रेला! सात वर्षांत ती त्या देवळात एकदा गेली, तेही माझ्या हट्टापायी, आणि चपला सांभाळत बाहेरच बसली. मी मध्येच उभी राहून म्हटलं, "ती देवदर्शनाला नव्हती जात, नखं काढायला जात होती." मागून एक बाई कुजबुजल्या, मालतीबाईंना धक्का बसलाय.

घरी येऊन मी काठमांडूला मेल पाठवली. सगळं लिहिलं, ती नर्स होती, सात वर्षं येत होती, पेले तिनं आणले. सोबत खूण पटावी म्हणून कॅलेंडरवरचा तो फोटो जोडला. आठवड्यानं उत्तर आलं. तीन ओळी. ‘आमची लाभार्थी मनमाया हिच्या निधनाचं वृत्त वाचून दुःख झालं.’ फोटो पाहिला, मजकूर वाचलाच नाही! लाभार्थी... मी तो शब्द पुन्हा पुन्हा वाचला. आता पत्रापत्री पुरे, म्हटलं. आंब्याचा हंगाम संपला की बहादूर गावी जाणार होता. वाट थोडी वाकडी करून काठमांडूला जाईन, असं त्यानं आपणहून कबूल केलं होतं. त्याच्या हाती शरूच्या नावाचा पेला पाठवायचा आणि मनमायाच्या पेल्याशेजारी ठेवायला लावायचा. मग बघू कोण वाचत नाही ते.

गेले त्याच भांड्यांच्या दुकानात. ‘शरयू’ घालून झालं. मनात आलं, बहादूर एवढा वळसा घालून जाणार, त्यालाही एक द्यावा. दुसरा पेला पुढे केला. दुकानदारानं यंत्र हातात धरून विचारलं, "नाव?"

मी म्हटलं, "बहादूर."

"ते सगळ्यांनाच म्हणतात हो बाई. नाव काय त्याचं?"

ते मी कधी विचारलंच नव्हतं. अकरा वर्षं हा माणूस माझी बाग राखतो. माझा नातू तापानं फणफणला तेव्हा यानं त्याला पाठीवर घेऊन रस्त्यापर्यंत नेलं होतं. काठमांडूच्या कचेरीला मी पानभर शिव्या लिहिल्या होत्या, नाव विचारायला जीभ झडते का म्हणून... कोरा पेला पिशवीत टाकून मी घरी आले.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता तो आला. पायरीवर बसला, पेला पुढे केला. मी किटली खाली ठेवली आणि म्हटलं, "अरे, तुझं नाव काय?"

तो जरा गोंधळला. मग त्यानं हातातला पेला फिरवला आणि माझ्यासमोर धरला. काठाखाली बारीक ठिपक्यांची अक्षरं होती, वापरून वापरून पुसट झालेली. टेकराज.

"दिदीनं दिला," तो म्हणाला. "लय वर्सं झाली."

त्याच पेल्यात मी रोज चहा ओतत होते.