सुमनकडची पाचवी भेट

आशाताई म्हणून मी बाळंतिणींच्या घरी जाते. बाळाचं वजन करते, ताप बघते, पहिलटकरणीला पाजायला शिकवते. वीटभट्टीवरच्या सुमनकडे अशी चार वेळा गेले होते. एकोणीस वर्षांची पोर, आई लहानपणीच गेलेली. बाळाला कसं धरायचं, हेही तिला कुणी दाखवलं नव्हतं. बाळ कमी दिवसांचं होतं. चौथ्या भेटीत ते नीट पिऊ लागलं, तेव्हा सुमन पहिल्यांदा हसली.

पाचव्या भेटीच्या आदल्या दिवशी बाळ गेलं.

तरी मी गेले. सुमन झोपडीच्या दारात बसली होती आणि तिचं पोलकं समोरून ओलं झालं होतं. माझी नजर तिथून हलेना.

"ताई, आता कशाला आलात?"

"तुझ्यासाठी."

ती हळूच म्हणाली, "दूध येतंय अजून. त्याला कुणी सांगितलंच नाही वाटतं."

बाळ जगावं म्हणून काय काय करायचं, ते मला शिकवलं होतं. ते गेल्यावर मागे राहिलेल्या आईशी काय बोलायचं, ते कुणीच शिकवलं नाही. मनाला कळलेलं अंगाला कळायला किती दिवस लागत असतील?

मी फडकं गार पाण्यात भिजवून तिच्या दुखऱ्या छातीवर ठेवलं. तेव्हा ती रडली.

निघताना तिने विचारलं, "परत याल?"

माझ्या भेटी बाळासाठी ठरलेल्या असतात. मी म्हणाले, "उद्या येते."